नावापुढचे दोन शब्द

४ मे, रविवार

ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. काल रुख्मिणीने तिच्यावर गरम कढई ठेवली, तेव्हा म्हटलं आता हिला कामाला लावावं. मे महिन्यात डायरी सुरू करणारा अख्ख्या अमरावतीत मी एकटाच असेन. निमित्त आहे नव्या फोनचं.

एकतीस वर्षं डाक वाटली. भातकुली, आजूबाजूची खेडी, मध्ये तीन वर्षं रिद्धपूर. सायकलवर फिरता फिरता घर न् घर माहीत झालं आणि त्यातूनच सोयरिकी जुळवायचा नाद लागला. निवृत्तीनंतर तर तेच काम. लोक पोरापोरींची परिचयपत्रं आणून देतात, मी स्थळं सुचवतो. आजवर सगळं एका लांब वहीत होतं. कुणाचं काही नाजूक असेल, मोडलेलं लग्न म्हणा, दुखणं म्हणा, तर त्या नावापुढे लाल शाईची एक खूण. खुणेचा अर्थ फक्त माझ्या डोक्यात. वही लोखंडी पेटीत आणि किल्ली माझ्या करदोट्याला. बेचाळीस वर्षांचा संसार झाला, पण रुख्मिणीलाही ती वही उघडून दाखवलेली नाही.

आता वय अडुसष्ट. लाल खूण दिसते, पण कशाची ते आठवत नाही. मागच्या महिन्यात एका विधुराला घटस्फोटित समजून बोलून बसलो आणि भर मांडवात तोंडघशी पडलो. म्हणून शाकीबकडून फोन घेतला. शाकीब म्हणजे भातकुलीच्या हलीमाबीचा मुलगा, राजकमल चौकाजवळ त्याचं मोबाईलचं दुकान आहे. दोन तास समोर बसवून शिकवलं बिचाऱ्याने. नंबर कसा साठवायचा, नाव कसं टाकायचं. मी पहिल्याच नंबरला नाव दिलं, "केशवराव मुलगा दारू". ते दिसताच त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"काकाजी, नावाच्या जागी नावच लिहा ना," तो म्हणाला.

"माह्या फोनमधे काय लिवायचं ते मी पाहीन," मी म्हटलं.

तो हसला आणि चहा सांगितला.

रजिस्टर पत्र दिलं की सही घेऊन पोच परत पाठवायची, ही सवय अंगात मुरली आहे. दिवसभरात ज्याच्याकडून काही मिळालं त्याची पोच इथे देत जाईन. आजची शाकीबला.

११ मे, रविवार

चारशे बारा नावं टाकून झाली. बोटं दुखतात, पण आता कुणाचाही फोन आला की समोर सगळं हजर. कोण, कुठला, काय भानगड.

आज आणखी एक नवल पाहिलं. शेजारच्या रामरावांच्या फोनवर अनोळखी नंबर आला तरी माणसाचं नाव दिसतं. तसं अ‍ॅप आहे म्हणे. त्यांनी माझ्या फोनमध्येही टाकून दिलं. अ‍ॅपने विचारलं, तुमचे संपर्क वाचण्याची परवानगी देता का? खाली बारीक अक्षरात लांबलचक मजकूर होता. चष्मा घरात होता. हिरवं बटण दाबून मोकळा झालो.

मग रामरावांनी त्यांच्या फोनवर माझा नंबर टाकून पाहिला. आलं, "खुशालराव डाकवाले भरवशाचे". मी तीनदा वाचलं. कुठल्या तरी माणसाने आपल्याबद्दल असं लिहून ठेवलं आहे. छाती दोन बोटं फुगली. घरी येऊन रुख्मिणीला सांगितलं.

"कोनं लिवलं असन?" तिने विचारलं.

"कोनी का असेना."

"पन त्याच्या फोनातलं रामरावच्या फोनात कसं गेलं?"

तिला असले फाटे फोडायची सवयच आहे. सरकारी यादी असेल, म्हटलं, आणि पेपर उघडला.

आजची पोच रामरावांना आणि त्या अ‍ॅपवाल्यांना.

१८ मे, रविवार

तेल्हाऱ्याहून तानुबाई आणि त्यांची मुलगी आचल आल्या होत्या. आचल सत्तावीस वर्षांची, बीएस्सी बीएड. जूनपासून अकोल्यात लहान मुलांसाठी गणिताचा वर्ग काढते आहे. रस्त्याकडेची एक खोली भाड्याने घेतली, फळा आणला, पत्रकं छापली. बोलायला सरळ. मला अशी माणसं आवडतात.

आई स्वयंपाकघरात रुख्मिणीकडे गेल्यावर तिने खुर्ची जवळ ओढली. लहानपणापासून तिला एक आजार आहे. गोळी चालू आहे, चार वर्षांत एकदाही त्रास झालेला नाही. आजाराचं नाव मी इथेही लिहीत नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट आहे.

"हे मले लपवायचं नाही, काकाजी," ती म्हणाली. "पन सांगीन मीच. पोरगा पसंत पडला तर दुसऱ्या भेटीत, माह्या तोंडानं. वर्गातल्या मायबापायलेही सांगीन, मले एक महिना ओळखू द्या, मंग. तुमी आधी कोनाले बोलू नोका."

मी तिला पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली. पोस्टकार्ड उघडंच असतं, नजर जातेच. पण पत्ता वाचायचा आणि कार्ड पालथं धरून हातात द्यायचं, ही माझी एकतीस वर्षांची रीत. कुणाच्या घरातलं एक अक्षर माझ्या तोंडून बाहेर गेलेलं नाही. हे ऐकून तिचा चेहरा मोकळा झाला.

वर्गासाठी तिने नवा नंबर घेतला आहे. "आतालोक आईजवळ अन् आता तुमच्याजवळ, एवढाच," म्हणाली. तिच्यासमोरच साठवला. नावापुढे आठवणीपुरते दोन शब्द टाकले, वहीतल्या लाल खुणेच्या जागी. स्थळ सुचवताना घोळ नको.

आजची पोच आचलला. इतका विश्वास कुणी टाकला की दोन दिवस जेवण गोड लागतं.

२ जून, सोमवार

आचलसाठी कुलदीप हे स्थळ काढलं. अकोल्याचाच, कृषी सहायक आहे. काल त्याच्या घरी भेट झाली. कोथिंबिरीची सांबारवडी उत्तम होती. दोघं अंगणात अर्धा तास बोलले आणि मोटारसायकलपासून गणितापर्यंत पोचले. निघताना कुलदीपने तिला आपला नंबर दिला.

आज सकाळी कुलदीपचा फोन. म्हणाला, "काल सांजंले आचलनं फोन केला होता. पोचली म्हणून." मग विचारलं, "काकाजी, तिची तब्येत बरी रायते ना?"

किती काळजीचा मुलगा. पहिल्याच भेटीनंतर तब्येत विचारतो. मी शब्द दिलेला, म्हणून सफाईने म्हटलं, "तिची तब्येत तिलेच विचारत जा आता."

"बरं. मी वाट पाहीन," तो म्हणाला.

कशाची वाट ते विचारायचं राहिलं. दुसऱ्या भेटीचीच असणार.

१५ जून, रविवार

आचलचा फोन आला. पत्रकं वाचून तेवीस पालकांनी वर्गाच्या दारावरच्या कागदावर नाव-नंबर लिहून ठेवले होते. तिने एकेकाला फोन केला. आधी गोड बोलतात, मग "सांगतो" म्हणतात आणि पुढे फोनच उचलत नाहीत. मी धीर दिला. शाळा तेवीसला सुरू होतील, तेव्हा सगळे धावत येतील. आपल्याकडे लोक परीक्षा दारात आल्याशिवाय हलतात कुठे.

नाव सांगणारं अ‍ॅप मी तीन ओळखीच्यांना टाकून दिलं. रुख्मिणीच्या फोनमध्येही टाकणार होतो, तिने फोन पदराखाली घेतला.

"तुमी त्या डबड्यात काय काय लिवून ठेवता ते आधी पाहा," म्हणाली.

कामाच्या माणसाला घरात किंमत नसते.

२४ जून, मंगळवार

फार वाईट दिवस.

काल आचलचा वर्ग सुरू झाला. तेवीसातली चार मुलं आली. चार. त्यातल्या एकीच्या आईने तिला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, वाईट वाटू देऊ नोका, पन तुमाले तो त्रास आहे म्हनतात, खरं आहे का? शिकवता शिकवता झालं तर लेकरं भेतीन ना." अकोल्यात ज्यांना हे माहीत असायचं काही कारण नाही अशा बाईने आजाराचं नाव घेतलं.

आचल फोनवर रडत नव्हती. तिचा आवाज कोरडा होता आणि तेच जास्त लागलं.

"काकाजी, आई अन् डॉक्टर सोडले तर तुमालेच माहीत होतं. कोनाले बोलले का तुमी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीबाही बोललो. एकतीस वर्षांच्या नोकरीचा दाखला दिला, रिद्धपूरच्या लोकांची नावं घेतली साक्षीला. तिने ऐकून घेतलं आणि "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला.

जेवलो नाही. आजची पोच कुणालाही नाही.

२५ जून, बुधवार

विचार करून करून एकच माणूस सापडतो. आठ दिवसांपूर्वी फोनची काच फुटली म्हणून तो शाकीबच्या दुकानात दिला होता. दोन तास फोन त्याच्याजवळ होता. त्यानेच वाचलं असणार. उद्या जातो आणि विचारतो. हलीमाबीच्या पोराने असं करावं याचं वाईट वाटतं.

२६ जून, गुरुवार

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

दुकानात गेलो तेव्हा हलीमाबी मुलाचा डबा घेऊन आल्या होत्या. दोन गिऱ्हाईकं होती. मी त्यांच्यासमोरच शाकीबला म्हटलं, "माहा फोन उघडून वाचला ना तू? एका पोरीचं जिनं हराम झालं तुह्यामुळे."

शाकीबच्या आधी हलीमाबी बोलल्या. "खुशालभाऊ, मेरे भाई के खत बुऱ्हानपूर से आते थे, मेरे कू पढना नहीं आता था. तुमनेच पढ़के सुनाये. कित्ती बातां थीं उसमें. एक लफ्ज बाहर नहीं गया. इसकू मैंने वोईच सिखाया, दूसरे की चीज हाथ में आयी तो आँख नीची रखना."

मला ते आठवलं. त्यांच्या भावाची पत्रं मी ओट्यावर हळू आवाजात वाचायचो. तरी माझा राग उतरला नव्हता.

गिऱ्हाईकं गेल्यावर शाकीबने विचारलं, "काकाजी, अनोळखी नंबरचं नाव दाखवते ते अ‍ॅप आहे का तुमच्या फोनमधे?"

"आहे."

"संपर्क वाचाची परवानगी देल्ली होती?"

"हिरवं बटन दाबलं होतं."

त्याने स्वतःचा फोन काढला, त्यात तेच अ‍ॅप उघडलं आणि फोन माझ्या हातात दिला. "ज्या पोरीचं म्हनून राहिले तिचा नंबर यात टाका. मी पायत नाही." आणि तो खरोखरच माझ्याकडे पाठ करून, कव्हरं टांगली होती त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी नंबर टाकला. शाकीबच्या फोनवर, ज्यात आचलचा नंबर कधीच नव्हता, नाव आलं.

"आचल तेल्हारा फिट गोळी".

माझेच शब्द. मी टाकले त्याच क्रमाने. मी मागचं स्टूल ओढून बसलो. शाकीब तसाच भिंतीकडे पाहत मला समजावत होता. परवानगी दिली की ते अ‍ॅप फोनमधली सगळी नावं आपल्याकडे नेतं. तो नंबर दुसऱ्या कुणाला लागला आणि त्याच्याकडेही अ‍ॅप असलं, की आपण लिहिलेलं नाव त्याला दाखवतं. जुन्या नंबराला दहा जणांनी दहा नावं दिलेली असतात. आचलचा नंबर नवा, त्याला नाव देणारा मी एकटाच. तिने ज्याला ज्याला फोन केला, त्याच्या घरी तिच्या आवाजाआधी माझे दोन शब्द पोचले.

तेवीस घरं. आणि ते मी वाटलं.

"रामरावच्या फोनमधे माह्या नावापुढं भरवशाचे असं आलं होतं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"ते बी असंच कोनाच्या तरी फोनमधून गेलं असन, काकाजी."

मी शाकीबची माफी मागितली. हलीमाबींची मागितली. त्याने हात धरला आणि म्हणाला, "माहं जाऊ द्या. पोरीकडे जा." डब्यातली अर्धी पोळी बळेच खायला लावली त्या दोघांनी.

आजची पोच शाकीबची पाठ माझ्याकडे होती, त्या पाठीला.

२८ जून, शनिवार

सकाळच्या एसटीने अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर येईपर्यंत तीनदा वाटलं की उतरून परत जावं, फोनवर सांगावं. मग म्हटलं, ज्या यंत्राने हे केलं त्यातूनच माफी मागायची का?

आचल वर्गात होती. चार मुलं चटईवर बसून अपूर्णांक सोडवत होती. मला कोपऱ्यातल्या लहान खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. मुलं गेल्यावर मी सगळं सांगितलं, काही न वगळता, हिरव्या बटणापासून शाकीबवर घेतलेल्या आळापर्यंत.

ती बराच वेळ फळा पुसत होती. फळा स्वच्छ झाला तरी पुसत होती.

"तुमी कोनाले बोलले नाही हे आता पटलं," ती म्हणाली. "पन काकाजी, मले फिटची लाज नाही. दुखनं आहे, कोनालेही होते. कोनाले सांगायचं अन् कधी सांगायचं, एवढंच माहं होतं. ते तुमी घेतलं."

वर्गाच्या मदतीला आलेल्या तानुबाईंनी पाणी आणून दिलं.

शाकीबने कागदावर लिहून दिलं होतं, ज्याचा नंबर त्यानेच त्या अ‍ॅपच्या संकेतस्थळावर जाऊन आपला नंबर यादीतून काढायला सांगायचा. तिने ते माझ्यासमोर केलं. मी निघालो तेव्हा दारात येऊन तिने विचारलं, "माह्यासारखे आनखी कितीजन आहेत तुमच्या फोनमधे?"

एसटीत बसून मोजले. आचल धरून अडतीस.

स्वतःचं एवढं झालं असताना ज्या पोरीला बाकीच्यांची आठवण झाली, तिची पोच कोणत्या शब्दांत द्यायची?

१ जुलै, मंगळवार

आधी परवानगी काढून घेतली, मग अ‍ॅपच काढून टाकलं. शाकीब म्हणाला, त्यामुळे पुढचं थांबेल, गेलेलं आपोआप परत येणार नाही. हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. पेटीत टाकलेलं पत्र बाहेर काढता येत नाही, हे मीच लोकांना आयुष्यभर सांगत आलो.

मग फोनमधली सगळी नावं एकेक करून साफ केली. शाकीबने मदतीची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं, ही नावं आता मी सोडून कुणी वाचायची नाहीत. रुख्मिणी समोर शेंगा सोलत बसली होती, मान खाली घालून. शेवटी तिने विचारलंच.

"अन् माह्या नावापुढं काय लिवलं?"

खोटं बोलायची हिंमत उरली नव्हती. "रुख्मिणी घर बीपी रागीट."

ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढताना मात्र म्हणाली, "बीपी खरं आहे, रागीट काहून लिवलं?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मी पण हसलो आणि मग मला रडू आलं. तिने पाठीवरून हात फिरवला. मी वहीची पेटी तिलाही कधी उघडून दाखवली नाही, या गोष्टीचा तिला कधी राग नव्हता. पण हिरव्या बटणाआधी तिला एकदा विचारलं असतं, तर ती नाही म्हणाली असती. हे तिनेही सांगितलं नाही, मीही नाही. दोघांना माहीत आहे.

५ जुलै, शनिवार

उरलेल्या सदतीस जणांना कळवायला हवं होतं. रामराव म्हणाले, एक संदेश लिही आणि सगळ्यांना एकदम पाठव. मी पिशवी उचलली.

मोठ्या पोस्टात गेलो. आंतर्देशीय पत्रं मागितली. खिडकीवरच्या मुलीने दोन कपाटं धुंडाळली. अठ्ठावीस निघाली, बाकीच्यांसाठी लिफाफे घेतले. "काका, आजकाल कोन लिवते हे?" तिने विचारलं. ज्याला चिकटवून पाठवायचं असतं तो, मी म्हटलं.

प्रत्येकाला हाताने लिहिलं. तुमच्याबद्दलची अमुक गोष्ट मी माझ्या फोनमध्ये तुमच्या नावापुढे लिहिली होती. माझ्या चुकीने ती दुसऱ्यांच्या फोनवर दिसली असेल. ती काढायची कशी हे खाली लिहिलं आहे. जमलं नाही तर मी घरी येऊन समोर बसेन, तुमचा फोन तुमच्याच हातात राहील. यापुढे माझ्याकडे परिचयपत्र ठेवायचं नसेल तर तसं कळवा, परत देईन. आपला, खुशालराव.

चार दिवस लागले. पेटीत टाकताना जुन्या सवयीने पत्ते पुन्हा तपासले.

१३ जुलै, रविवार

उत्तरं येताहेत. एक गृहस्थ दारात येऊन अर्धा तास बोलले, शेजारपाजार गोळा झाला. मुलीचं परिचयपत्र परत घेऊन गेले. त्यांचं बरोबर होतं, मी मान खाली घालून ऐकलं. दोघांनी फोन करून नीट विचारून नंबर काढून घेतला. केशवराव म्हणाले, "पोरगं पेते हे अख्ख्या गावाले माहीत आहे, पन तुमचं पत्र वाचून पोरगं चार दिवस झाले माह्याशी नीट बोलून राहिलं. आतालोक त्याले वाटे मीच सांगत फिरतो." भातकुलीच्या पायलचं तर चक्क पत्र आलं, आंतर्देशीय नव्हे, वहीचा कागद लिफाफ्यात. लिहिते, "घटस्फोटाचं सगळ्यांनाच माहीत होतं, काकाजी. माझ्या मागे सगळेच बोलतात. माफी मात्र आजवर कोणी मागितली नव्हती." ते पत्र लोखंडी पेटीत ठेवलं.

आणि आज कुलदीप आणि आचलची दुसरी भेट झाली. मी अकोल्याला गेलो होतो, पण बाहेर ओट्यावरच बसलो. नंतर कुलदीप मला बस स्टँडवर सोडायला आला.

"तिनं सांगितलं सगळं," तो म्हणाला. "मी म्हटलं, मले माहीत आहे. पहिल्याच दिवशी तिचा नव्या नंबरवरून फोन आला तवाच अ‍ॅपवर दिसलं होतं."

माझ्या पायातली चप्पल निघाली.

"मंग इतके दिवस बोलला काहून नाही?"

"तिचं होतं ना ते. तिनंच सांगावं म्हनून थांबलो. डॉक्टरायले विचारून आलो तेवढं."

दीड महिना हा मुलगा उघडं पोस्टकार्ड पालथं धरून उभा होता. ज्या कामाचा मला आयुष्यभर अभिमान, ते त्याने न सांगता, न शिकता केलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बस येईपर्यंत तो तिथेच राहू दिला.

लग्न ठरलं का, तर नाही. आचल म्हणाली, आणखी दोनदा भेटू, मग सांगते. तिचं ती सांगेल. मी विचारणार नाही.

२७ जुलै, रविवार

आचल आज अमरावतीला आली होती, कुणाच्या तरी साखरपुड्याला. वाटेत आमच्याकडे. ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन रुख्मिणीजवळ बसली.

वर्गात आता अकरा मुलं आहेत. तिने पालकांची एक बैठक घेतली, स्वतः सगळं सांगितलं, मुलांसमोर कधी त्रास झालाच तर काय करायचं आणि काय करायचं नाही तेही शिकवलं. "महिनाभरानं सांगनार होती, पंधरा दिवसात सांगा लागलं," म्हणाली. त्यात टोचणी होती आणि ती मला हवी होती. सगळं माफ केलं असं म्हणाली असती तर मला झोप लागली नसती.

मी ही डायरी आणून तिच्यासमोर ठेवली. "यात सव्वीस जूनच्या पानावर तुह्या दुखन्याचं नाव लिवलं आहे. अठ्ठावीसच्याही. खोडून टाकू का?"

तिने पानं उघडली नाहीत. वरूनच हात फिरवला. कढईचा काळा गोल पाहून तिला हसू आलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "विचारलं ना तुमी."

निघताना तिचा फोन वाजला, कुलदीपचा असावा, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून जायला नको ते गेलं. "माहं नाव काय टाकलं आहे तुह्या फोनमधे?"

तिने फोन माझ्यासमोर धरला. "खुशाल काकाजी". एवढंच.

"काहून गं, भरवशाचे नाही लिवलं?" रुख्मिणीने आतून चिमटा काढला.

आचल पायात चप्पल घालत होती. "ते लिवून ठेवा लागत नाही, काकीजी," ती म्हणाली, आणि फाटक लावून गेली.

आजची पोच आचलला. त्यापुढे आणखी काही लिहीत नाही.